झीज

दुर्बीण बंदुकीवरची. वनखात्याची,
बेशुद्धीची सुई मारतात त्या बंदुकीची.
नान्नजचे वनरक्षक रेवणसिद्ध म्हेत्रे
टॉवेलात गुंडाळून घेऊन आले,
दह्याचं भांडं आणावं तशी, कलंडू न देता.

"आतनं धुकं धरलंय की ओ."
एप्रिल. साखर पेठेत डांबर चपलेला चिकटत होतं.
सोलापुरात धुकं!
मी हसले, मग डोळा लावला.
समोरच्या चादरीच्या दुकानाची पाटी
दुधात बुडालेली.

"लांडगी होती," ते म्हणाले,
"मार्डीच्या अंगाला, कोरड्या विहिरीत.
मी काठावर पालथा.
मांडी कुठली, पोट कुठलं, कळंना.
सुई पोटात गेली तर संपलंच.
नाही मारली."
मग?
"मग काय. बाभळीचं खोड सोडलं तिरकं, आन् लांब बसलो.
पहाटं विहीर रिकामी."
हे ते तक्रार म्हणून सांगत होते
की दुसरं काही म्हणून, मला उमगलं नाही.

कार्डावर मुदतीचे अकरा दिवस उरलेले.
कुठे ठेवता ही?
"माठाजवळ. ओलं फडकं घालून.
तापती हो बिचारी."

मी कडी फिरवली, टोपण काढलं.
आत रबराचं रिंगण, करंगळीत बसेल एवढं,
एका अंगाने चपटं.
वाकवलं तर भेगा उघडल्या,
कुकरच्या जुन्या रिंगेसारख्या.

फॉर्मवर तीन चौकोन:
उत्पादनातील दोष. ग्राहकाची चूक. झीज.
आणि तळाला, मुंगीच्या अक्षरात:
झीज वॉरंटीत धरली जाणार नाही.

आमचे नाना अठ्ठावीस वर्षं
अशोक चौकामागे मागावर.
कान गेले तेव्हा शेठ म्हणाले,
गड्डम, हात सापडला का मशिनीत?
पडलास का कुठं? नाही ना?
बस्स. वयाचं आहे.
आता घरात तेलुगूत काहीही बोला,
नाना विचारतात, एमी?
मग आपणच हसतात.

मी तिन्ही चौकोन कोरे ठेवले.
समासात लिहिलं:
आपण छापलंय, 'पाणी आत जाणार नाही.'
गेलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं.
एक शब्द, 'बदला', आणि सुट्या भागाचा नंबर.
रिंगण चाळीस रुपयांचं असेल नसेल.
कुरियरचे एकशे दहा.

जुनं पुरावा म्हणून परत पाठवायचं होतं.
पुडीत घातलं, पुन्हा काढलं,
पुन्हा घातलं.
नव्याला बोटभर ग्रीस.
आत कोरडा नायट्रोजन भरला,
कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिलं.
बुडबुडा नाही. वीस मिनिटं नाही.

म्हेत्र्यांनी दारातूनच रोखली समोर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: "साडेतीनशे?
दिवाळीत तीनशेला होती हीच चादर!"

सही केली. टॉवेल झटकला, गुंडाळली.
मी म्हटलं, आता माठाजवळ ठेवू नका.
ते पायरीवर थांबले.
"मग कुठं ठेवू, ताई?
चौकीत सावली तेवढीच हाय."