मागाचा खड्डा

माग सरपणाच्या भावात गेला
आणि वडगावची आमची खोली एकाएकी मोठी झाली.
बोललं की घुमायची.

आधी मी खड्डाच मोजला, वितीनं.
जिथं मामंजींचे पाय चाळीस वर्षं सोडलेले असत
तिथं तांदळाचे दोन डबे मावले.
वर फळी, फळीवर गोधडी. झाली की बैठक!

रिकाम्या कांड्या भिंतीत ठोकल्या:
छत्री, दप्तर, ह्यांचा शर्ट.
कुंद्याच्या खोक्यांना जुने काठ डकवले,
एकात सुईदोरा, एकात गोळ्या-औषधं,
रेशनकार्ड नि कन्नडातली लाईटबिलं तिसऱ्यात.
फडताळात पेपर अंथरलाय, तोही कन्नडच;
शेजारची निंगव्वा साखर मागायला येते
आणि डबा उचलून बातमी वाचून दाखवते,
गेल्या दिवाळीची.

खर्च म्हणाल तर खिळे, वीस रुपयांचे.
खळ घरचीच. ती करायला हात विसरले नाहीत.

धोटा तेवढा कुठंच बसेना.
खुंटीला जड, खोक्याला लांब.
शेवटी कोनाड्यात ठेवला, किल्ल्यांसाठी.

रात्री कारखान्यातून हे येतात,
किल्ली टाकायच्या आधी
तो एकदा उजवीकडून डावीकडे सरकवतात.
मी भाकरी थापत असते.
बघत नाही.