मांड

सकाळी सहाला हुपरीहून निघते.
डिकीत हेल्मेट, गुळाचा खडा, पुतणीचे जुने बूट.
उचगावच्या अलीकडे, उसाच्या दोन फडांमधलं मैदान,
कुठल्याशा बंद पडलेल्या तालमीची तांबडी माती टाकलेलं.
कडेला तेलाचे डबे, डब्यांवर चुन्यानं
ए, के, ई, एच.
दस्तगीरमामांना ती अक्षरं वाचता येत नाहीत.
ते ओरडतात, "चेपलेल्या डब्याकडनं वळ
आन गंजक्याला सरळ हो!"

घोडीचं नाव पापणी.
डॉक्टरांच्या मुलानं ड्रेसाजच्या हौसेनं घेतली,
मग तो दुबईला गेला आणि ही राहिली,
माशी बसायच्या आधीच कातडी थरथरवणारी,
स्वतःच्या शेपटीला दचकणारी.
पहिल्या दिवशी मी टाच लावलीच नव्हती.
लावावी का, एवढंच मनात आलं होतं.
ती मैदानाच्या पार टोकाला पोचली,
मी अर्ध्या वाटेवर, मातीत.

तीन महिने मी तिला शिकवत होते.
मान सोड. पाठ उचल. वर्तुळ काढ, गोल.
तिचं वर्तुळ रताळ्यासारखं यायचं.
मामा लिंबाखाली बडीशेप चघळत बसलेले.
एकदा उठले, मातीतल्या टापांवरनं सगळं रताळं
स्वतः चालून आले, म्हणाले,
"घोडी बरोबर हाय.
तू उजव्या ढुंगणावर बसत्यास."

बसतेच.
वीस वर्षं पाटावर एका अंगानं कलून
पैंजणांना घुंगरं जोडते मी.
डाग देताना श्वास धरायचा, आईनं शिकवलेलं.
सुटला की घुंगरू उडालं,
मोहरीएवढं, फरशीच्या फटीत गेलं की गेलं.
तो श्वास इतका मुरलाय अंगात
की लगाम हाती आला, छाती बंद.
आणि माझ्या मांड्यांमध्ये ती
कान मागं टाकून वाट बघत राहायची,
आता काय पेटणार.

"मांड ठोकायची नसत्या बाई, ठेवायची असत्या.
आन श्वास काय हुपरीत ठेवून आलीस?
बोलत बस तिच्याशी. बोलताना कुणाचा श्वास अडकत न्हाई."

काय बोलणार घोडीशी?
ऑर्डरी सांगितल्या.
दुडकीच्या तालावर, हादरत, तुटक तुटक:
इस्लामपूरचे बारा जोड,
बेळगावचे चाळीस, पेच सैल झाले म्हणून परत आलेले,
अथणीच्या शेठकडं दिवाळीपासनं अडकलेले पैसे,
चांदीचा आजचा भाव.
भाव ऐकून तिचा एक कान माझ्याकडं वळला.
खरंच वळला. मामा साक्षीला आहेत.

मग फडाच्या कडेनं ट्रॅक्टर आला.
मागं डबल ट्रॉली, उसाचे मोळे खाली लोंबणारे,
भोंग्यावर कसलंसं लावणीचं गाणं फाटलेलं.
माझ्या पोटात खड्डा.
पण मी बेळगावात होते, वाक्य अर्धं होतं,
ते तसंच पुढं गेलं,
आणि तिचा एक कान ट्रॅक्टरकडं, एक पेचांकडं,
तोंडात लगामाची कडी हळूहळू चघळलेली,
आणि खालून पाठ वर आली,
फुंकणीतनं वारा नीट बसला की
आच निळी होते, तशी.

चार पावलं.
पाचव्याला मला कळलं की हे होतंय.
कळल्याबरोबर मी श्वास धरला.
रताळं.

मामा काही बोलले नाहीत. बडीशेपेची पुडी पुढं केली.
गूळ तिला दिला, ओठ तळहातावर फिरवून
चिकटपणासकट तिनं सगळा नेला.

दुपारी पाटावर बसले.
म्हटलं बघू. श्वास सोडत सोडत डाग दिला.
घुंगरू उडालं. खाटेखाली कुठंतरी गेलं.
लेक बॅटरी घेऊन पालथी, मला शिव्या देत शोधत होती,
आणि मी तिथंच बसून,
दोन्हीकडं, सारखी.