काज-बटण

थोरला माझ्याहून नऊ वर्षांनी. मुक्तिराम.
अंघोळ मी घालतो.
साबण डोळ्यात गेला की चावतो.
मनगटावरचा वण बघून उदगीरच्या पाहुण्यांनी विचारलं,
कुत्रं म्हणालो.
दिवसभर कात्री सरळ चालली नाही.

बारकी बटणं दुकानात ठेवत नाही, गिळतो.
झबल्याची गिऱ्हाइकं शेजारी जातात.
रात्री तीनला उठवून सांगतो, लाईट गेली,
आणि दिवा चालूच असतो.

एक बटण लावायला शिकवतोय, अकरा महिने झाले.
काजात नख, नखामागं बटण,
हलू नगं, झालं, झालं.

परवा लगीनसराईच्या गडबडीत
मशीनवरच डोळा लागला.
जाग आली तर समोर तो, घामेजलेला,
जीभ दातांत धरून
माझ्या शर्टाशी झटापट:
"हलू नगं. झालं. झालं."
एक काज चुकलेलं,
खाली टोक लोंबतंय.

तसाच गेलो औशाच्या बाजारात, अस्तर आणायला.
कापडवाले शेख म्हणाले,
"काय टेलर, बटण चुकलंय की."
माप घेऊन लावलंय, म्हणालो.

उद्या रविवार. डोक्यावरून अंघोळ.
मनगटाला गुंडाळायला
जुना टॉवेल काढून ठेवलाय.