इतर

मंगळवारी माझी सुट्टी. प्रयोगशाळा चालूच असते,
फक्त मी नसते तिच्यात.
जिवतीच्या फाट्यावर एसटी सोडली तेव्हा साडेसहा.
लेतू आत्राम नाल्याकाठी उकिडवा,
तळव्यावर तंबाखूत चुना मळत.
"चढाले आली? पाय हायेत का?"
पाहिले मात्र त्यानं बूट.

पहिला तास सालईचा, डिंकाच्या वासाचा.
मग झाडं विरळ होतात नि दगड सुरू होतो,
पावसानं चाटून चाटून धार काढलेला;
हात टेकावा तर तळवा चिरतो.
नाला चालता चालता एका भोकात शिरला
आणि गेला.
"कुठं निघतो?"
"खाली, आमच्या गुड्यात. तीन दिवसानं.
आज्यानं भुसा टाकून पाह्यला होता."

कांडोळाचं पांढरं खोड धरून वळलो,
तर समोर उभी भेग.
एका भिंतीला पाठ, दुसरीला गुडघे,
असं वीतवीत सरकायचं.
निम्म्यावर माझे पाय लटपटले.
वरून आवाज: "खाली नोको पाहू वं.
वरतही नोको. हाताले पाह्य."
पाहिलं.
नखांत तीच पांढरी पूड
जी मी रोज संध्याकाळी नळाखाली सोडून देते.

माथा म्हणजे ओसरीएवढी जागा,
एक शेंदरी दगड, दोन मोरपिसं.
उत्तरेला धुरकट पट्टा वर्धेचा,
त्याच्या अलीकडे आमची खाण,
पायरीपायरीनं खाली उतरलेला
उलटा डोंगर.
तिथून धुळीची टोपी उडाली.
आवाज बऱ्याच वेळानं आला,
पायांतून.

सवयीनं बाटली काढली, हाताशी आलेल्या खड्यावर थेंब टाकला.
फसफसला.
"का म्हनते?"
"चुना. ऐंशीच्या वर असेल, अंदाजे."
"अन बाकीचं?"
"माती, वाळू, थोडं लोखंड.
रकान्यात आम्ही 'इतर' लिहितो."
लेतूनं खडा धोतराला पुसला
आणि जिथून मी उचलला होता
त्याच खळग्यात, त्याच कुशीवर ठेवला.

उतरताना गुडघ्यांनी सगळा हिशेब मागितला.
डाव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबत होता.
भोकाशी थांबून मी सालईचं पान सोडलं पाण्यात:
शुक्रवारी पाहशील?
"पाहीन. पन पान का,
कोनाचंबी रायते."

मग ओढणीचा निळा दोरा उसवला,
दुसऱ्या पानाच्या देठाला गाठ मारली.
पहिली सुटली.
दुसरी त्यानं मारून दिली.