पोटखराब

एक-चौदाच्या उताऱ्यावर
या सड्यासमोर एकच शब्द आहे : पोटखराब.
मीच लिहिला होता तो, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी,
जीप पायथ्याशी उभी करून, वर न चढता.

आज चढलोय. आषाढ उतरणीला लागलाय.
जांभ्याच्या खळग्यांत पाणी, कडेला बोटभर माती,
आणि त्या मातीला गाल टेकून
एक पान. सपाट, गोल, एकटं.
मधून दांडा, दांड्याला दोन पांढरी फुलं,
मागे लोंबणाऱ्या शेपट्या, रसाने अर्ध्या भरलेल्या.
चिचुरकांदा, टेप धरणारा इनास म्हणाला.
धाकू झोरे म्हशी वळवत होती. म्हणाली,
नाव कशाला हवं त्याला? ते येतं.

खाली दोन कांदे असतात, हे मला उशिरा कळलं.
एक जुना, यंदाचं फूल देऊन सुरकुतणारा.
शेजारी नवा, पुढच्या वर्षाचा.
म्हणजे दर वर्षी हे झाड बोटभर सरकतं,
नकाशात नोंद न होता.
माझ्या पहिल्या मोजणीपासून
एकोणीस बोटं चाललं असेल.
तेवढ्यात माझ्या सहा बदल्या झाल्या.

एकदा मीही नेला होता, ढेकळासकट,
म्हापशाच्या भाड्याच्या बाल्कनीत.
शेणखत घातलं. विकतची काळी माती घातली.
पान आलं. दुसऱ्या वर्षी लहान पान.
तिसऱ्या वर्षी कुंडीत तेरडा उगवला.
त्याच्या बीजवळ शिदोरी नसते म्हणे,
धुळीहून हलकं ते;
ओळखीची बुरशी ज्या मातीत असेल
तिथेच डोळा उघडतं.
बुरशीचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो?

पश्चिमेकडून चिऱ्यांची खाण येते आहे.
तिच्या कापलेल्या भिंती इतक्या सरळ
की ओळंबा लावायला नको.
माझं घरही चिऱ्यांचंच. हे सांगायला हवं.

खूण कुठे मारू? इनास विचारतो.
टेपचं टोक नेमकं त्या पानावर.
मी म्हणतो, दोन बोटं अलीकडे घे.
तो हसतो. दोन बोटांनी काय होणार, साहेब?

काळोख पडेपर्यंत थांबलो, कारण नसताना.
वास तेव्हाच सुटला.
एक मोठा पतंग आला,
फुलावर न बसता, हवेतच उभा राहून प्याला,
आणि पिवळी पूड घेऊन
खुणेवरून पलीकडे गेला.