फाइव्ह नाइन

सिडकोतल्या आमच्या गच्चीवर नुसती खरखर.
सातपूरच्या मोटारी, शेजारच्यांचा इन्व्हर्टर,
जिन्यातले स्वस्त एलईडी,
सगळे मिळून जपानला गिळून टाकतात.
म्हणून गंगापूर धरणातलं हे टेकाड.
ऑक्टोबरात याला चहूकडून पाणी असतं,
मे महिन्यात यावर गुरं चरतात.
जगातल्या बेटांची एक यादी आहे, तिच्यात हे नाही.
निकुंभ काकांनी तरी वहीत लिहिलं : बेट.
आणि खाली रेघ मारली.

लहानू बेंडकोळीच्या होडीतून तीन खेपा झाल्या.
दोन बॅटऱ्या, गोधडीत गुंडाळलेला रेडिओ,
तार, बांबू, पोळ्यांचा डबा.
गलोलीने सुतळी करंजाच्या शेंड्यावरून टाकली,
चौथ्या नेमाला.
"यानं मासे लागतात?" लहानूनं विचारलं.
लागतात म्हटलं, फार लांबचे.

शनिवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू,
ती सोमवारी साडेपाचपर्यंत.
कानाला हेडफोन लावला
आणि पहिल्यांदा कळलं शांतता किती खोल असते.
तिच्या तळाशी माणसं वळवळत होती
फिनलंडची, ओसाकाची, कझाकस्तानची,
सगळी एकदम माझ्यावर धावली.

फाइव्ह नाइन, टू टू.
थँक यू.
पुढचा.

पाच म्हणजे शब्द न् शब्द कळतोय.
नऊ म्हणजे आवाज दणदणीत.
बावीस हा आपला विभाग.
काका नोटांच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं होते,
आकडा चुकला की त्यांना पाठीत कळ येते.
ते नोंदत गेले, मी बोलत गेले,
मध्येच मिरचीचा ठेचा, मध्येच पाय आखडले.

रात्री लहानू होडी बांधून शेकोटीपाशी बसला.
"ताई, काय सांगताय सगळ्यांना?"
की तुमचा आवाज मस्त येतोय.
"सगळ्यांचाच मस्त येतो?"
नाही. कुणाचा तर येतच नाही,
तीनदा विचारून नाव लागतं.
"मग?"
मग काय, रीत आहे.
खरं मोजत बसलं तर वेळ जातो.
तो बराच वेळ लाकडं पुढे सारत राहिला.
"आमच्यात लग्नात असंच असतं," म्हणाला.

सोमवार, पाच वाजून अकरा मिनिटं.
काका बसल्या बसल्या पेंगलेले.
पाण्यावर वाफ, पलीकडे एक टिटवी,
आणि चाळीस मीटरवर
पीठ चाळल्यासारखा एक आवाज.
दक्षिण अटलांटिकमधलं कुठलंसं बेट.
मी माझी अक्षरं पाच वेळा सांगितली.
तो एकेक वेचत गेला,
चुकला, परत मागे आला.
दुसरा कुणी असता तर सोडून गेला असता.
मग म्हणाला, सावकाश, दोनदा :

थ्री थ्री.
माफ करा, पण तीन-तीनच.
इथे वारा फार आहे.
तुम्ही थांबलात, बरं केलंत.

मी नेहमीचं बोलायला तोंड उघडलं
आणि थबकले.
टू थ्री, म्हटलं. तुमचं दोन-तीन.
तिकडे कुणीतरी हसलं. की वारा होता.

नोंदीत फाइव्ह नाइन आपोआप उमटतं.
मी ते खोडून खरं टंकलं.
काका जागे होऊन म्हणाले,
"याने गुण वाढत नाहीत."
नाही वाढत.
त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

साडेपाचला सगळे एकदम गप्प झाले.
तार उतरवली, सुतळी करंजातच अडकून राहिली.
आठची पाळी होती मला, कॉइल गुंडाळायची.
होडीच्या तळाला पाणी झिरपत होतं,
लहानू डालड्याच्या डब्याने ते उपसत होता.
काठाशी येताना मोबाइलला रेंज आली,
घरून आलेले तीन मेसेज.
कशी झाली? जमलं ना? तब्येत?

छान, मी लिहिलं.
एकदम छान.