चाकोरीची खोली

हातोदच्या पुढे, सोयाबीन निघालेल्या रानाच्या कडेला
नऊशे मीटरची पट्टी. डांबर नाही, खडी नाही.
माळव्याची काळी माती, वरून दोनदा फिरवलेला रोलर.

सकाळी साडेसहाला मी शंकू ठोकायला घेते.
आठ किलोचा घण उचलायचा, सोडायचा,
ठोके मोजायचे, दांडी किती आत गेली ते वहीत.
पहिल्या चार बोटांना नऊ ठोके.
पुढच्या चार बोटांना दोन,
भिजलेल्या पोह्यांत बोट जावं तशी दांडी गेली.
वर पापडी, खाली ओल.

तिकडे रेवाराम चौकसे टायरमधली हवा काढतोय,
पस्तीस पौंडांवरून बावीसवर.
"बसका हवा, मॅडम. पाय फताडा असला
की चिखल जरा माफ करतो."
मग दट्ट्याचा चकचकीत भाग फडक्यानं पुसतो,
बाळाची मान पुसावी इतक्या हलक्या हातानं.
धुळीचा एक कण राहिला तर सील कापेल,
आतलं तेल रात्रभर गळेल.

विमान टेकतं तेव्हा सगळे श्वास धरतात.
मला ठाऊक आहे, तेव्हा फारसं काही होत नाही.
वेगात असेतो पंखांनी वजन धरलेलं असतं,
माती नुसती खरवडते.
ओझं उतरतं ते नंतर,
आवाज कमी झाल्यावर,
पंख एकेक किलो सोडून देतात
आणि चाक
स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून
वर चढू बघतं, पुन्हा खणतं, पुन्हा चढतं.
थांबेपर्यंत हेच.

कॅप्टन लाघाट्यांची पहिली खेप: चार सेंटीमीटर.
दुसरी, त्याच रेषेवर: सात.
मी उकिडवी बसून पोलादी पट्टी लावते.
कडेची माती ओठासारखी उलटलेली,
तळाशी टायरची नक्षी, पुसवू नये इतकी स्वच्छ.

"तिसरी घेऊ?" वायरलेसवर.
वहीत 'नको' असा रकाना नाही.
मी म्हटलं, दहा हात डावीकडून घ्या.
हो म्हणाले.
आणि आले ते सरळ, आधीच्याच चाकोरीत.

नाकाचं चाक पापडी फोडून आत गेलं.
शेपूट वर, पातं मातीत,
काळी ढेकळं पंखाखाली तडतड.
मग काहीच नाही. लांब कुठेतरी टिटवी.

लागलं कुणाला नाही. लाघाटे खाली उतरले,
कानावरचं काढून हातात धरून उभे राहिले.
"वाट तयार दिसली हो," एवढंच बोलले.
रेवाराम वाकलेलं पातं चाचपत होता,
बैलाचं शिंग चाचपावं तसा.

मी मोजलं. एकवीस.
पट्टी टेकवली तिथे पाणी झिरपायला लागलं होतं,
आकडे त्यात एकेक बुडत होते,
म्हणून पुन्हा मोजलं. बावीस.

कारणाच्या रकान्यात लिहिलं: ओल.
ते खोटं नाही.